रेव्हरंड टिळकांचे अभंग आपण का गात नाही?

गेल्या आषाढी एकादशीला आठ दिवस होते तेव्हाची गोष्ट. माझ्याकडे गाणे शिकावयास येणाऱ्या मुलींपैकी एकीने भीमपलासात बसविलेला एक अभंग म्हणून दाखविला. मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची. आवाज किंचित बसका, पण सुराला पक्की. एकादशीच्या भजनात कोणी काय म्हणावे हे ठरवावयास आमच्या येथील एका मंडळाचे दोन ज्येष्ठ सभासद त्या दिवशी वर्गात येऊन बसले होते. अभंग संपला तेव्हा त्यांपैकी एकांनी उपरण्याने डोळे पुसले. अतिशयोक्ती करीत नाही, मी समोरच पेटीवर होतो.

"तुकोबांचाच ना?" त्यांनी विचारले.

"नाही, टिळकांचा."

"कोणते टिळक?"

"रेव्हरंड टिळक," मुलीनेच उत्तर दिले.

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिले, मुलीचे आडनाव विचारले आणि चहा झाल्यावर मला बाहेर ओसरीवर बोलावून घेतले. "गुरुजी, गाणे उत्तमच आहे, त्यात वाद नाही. पण एकादशीला नको. उगाच चार माणसांत चर्चा. दुसरे काहीतरी बसवून घ्या तिच्याकडून." आणि मी दुसरे बसवून घेतले. मुलीने मला एवढेच विचारले, "गुरुजी, माझे काही बेसूर झाले का?" मी म्हणालो, "नाही, कार्यक्रमाला वेळ कमी आहे." हे उत्तर खोटे होते आणि ते खोटे आहे हे तिला कळले होते. एकादशीला तिने दुसरा अभंग चांगला म्हटला. त्यानंतर महिनाभर ती वर्गास आली नाही.

हा लेख मंडळावर टीका करण्यासाठी नाही. मंडळी सज्जन आहेत आणि त्यांच्या जागी माझे वडील असते तर त्यांनीही कदाचित तेच म्हटले असते, असे मला प्रथम वाटले होते. (ते तसे नव्हते, हे पुढे सांगतो.) मला विचार पडला तो असा की, नारायण वामन टिळक हे नाव आपल्या घरांत परके नाही. त्यांची फुलांची आणि मुलांची कविता आपण शाळेत पाठ केली आहे. पारध्याने घायाळ केलेल्या पक्षिणीची कविता म्हणताना आमच्या वर्गातली अर्धी मुले रडत. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' लष्करातल्या जुन्या मराठी घरांत पोथीसारखे हाती-हाती फिरून जीर्ण झालेले मी पाहिले आहे. मग त्याच माणसाचा अभंग आला की आपण ओसरीवर का येतो?

याचे एक उत्तर तयार असते. टिळक कवी म्हणून थोर, धर्म हा त्यांचा खाजगी भाग. फुले-मुले आपली, ख्रिस्त त्यांचा. ही वाटणी वरवर पाहता उदार दिसते. मला मात्र ती गाण्याच्या दृष्टीने चुकीची वाटते, आणि ती का चुकीची हे सांगावे म्हणूनच लेखणी घेतली आहे. मी साहित्याचा अभ्यासक नाही. अभंगाला चाल लावणारा माणूस आहे. तेवढ्यापुरतेच माझे म्हणणे समजावे.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावनाचे, बाप तापट, आई कवितेची हौस असलेली. तरुणपणी हा मनुष्य एका जागी टिकला नाही; शिकवणे, कीर्तन, पुराण, शास्त्रार्थ असे करीत गावोगाव हिंडला. आपल्यासारख्या संस्थानी गावांतल्या वाचकांना गंमत वाटावी अशी एक गोष्ट म्हणजे त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते एका संस्थानाच्या वाटेवर. राजनांदगाव संस्थानात ते नोकरीस होते. नागपूरहून तिकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी गप्पा झाल्या. त्याने नव्या कराराची प्रत त्यांच्या हातात ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. त्या गृहस्थाचे नावही टिळकांना कधी कळले नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथपर्यंतची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. आमच्या कामाची गोष्ट नंतरची आहे. बाप्तिस्म्यानंतर पहिली काही वर्षे टिळकांची उपासनेची कविता पाश्चात्त्य वळणाची राहिली. मिशनच्या प्रार्थनागृहांत त्या काळी पुष्कळशी गीते इंग्रजी गीतांवरून भाषांतरलेली आणि विलायती चालींवर बसविलेली असत. अशा गीताचा त्रास काय असतो ते गाणाऱ्यालाच कळते. विलायती चाल आघातावर चालते; ठरावीक मात्रेला शब्दाचा जोर यावा लागतो. मराठी शब्दावर तसा ठोसा नसतो. आपली चाल ऱ्हस्वदीर्घावर आणि शब्दाच्या शेवटी स्वर किती लांबतो यावर झुलते. मग त्या चालीत मराठी शब्द कोंबला की ऱ्हस्व अक्षर नको तेथे ताणावे लागते आणि दीर्घ अक्षर गिळावे लागते. म्हणणाऱ्याची भक्ती कितीही खरी असो, कानाला ते उसन्या अंगरख्यासारखे वाटते. हे टिळकांच्या आधीही काहींना जाणवले होते. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. पण हा प्रश्न जिवाचा करून सोडविला तो टिळकांनी.

त्यांनी काय केले? ते तुकारामाकडे परत गेले. आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो ते तुकारामाच्या पुलावरून, असा त्यांचा स्वतःचा कबुलीजबाब प्रसिद्ध आहे. लोक हे वाक्य सद्भावनेचे एक गोड वाक्य म्हणून सांगतात. मला ते अगदी कारागिराचे वाक्य वाटते. पूल म्हणजे नुसता विचार नव्हे. पूल म्हणजे सहा-सहा-सहा-चार.

मोठ्या अभंगाचे चरण चार. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचे. भजनी ठेका आठ मात्रांचा. सहा अक्षरे त्यात आरामात बसतात, दोन मात्रा मागे उरतात, त्यांत टाळ बोलतो. तीन वेळा असे झाल्यावर चौथा चरण एकदम आखूड येतो. गाणारा थांबतो, वाक्य तुटल्यासारखे होते, आणि त्या मोकळ्या जागेत बाकीचे टाळकरी ध्रुपद उचलतात. ती जागा कवीने समूहासाठी सोडलेली असते. तुकाराम जे काही म्हणतो, म्हणजे देवाशी भांडण, रुसणे, लाज, शरण जाणे, ते सारे त्या आखूड चौथ्या चरणात येऊन टेकते. ज्या माणसाला देवापुढे एकट्याने बोलावयाचे आहे आणि तरीही चारचौघांत बसून बोलावयाचे आहे, त्याला यापेक्षा चांगली बैठक मराठीत दुसरी नाही.

टिळकांची श्रद्धा नेमकी अशी होती. त्यांचा ख्रिस्त न्यायासनावर बसलेला राजा कमी आणि जवळ बसवून घेणारा गुरू, सखा, किंबहुना आई अधिक. हा भाव विलायती गीताच्या शिस्तबद्ध कडव्यात बसत नव्हता. तो अभंगात बसला. 'अभंगांजली'तले अभंग मी पुष्कळ वेळा गाऊन पाहिले आहेत, आणि गाणाऱ्याच्या अनुभवावरून सांगतो की त्यांत चौथा चरण भरीला घातलेला सहसा सापडत नाही. चाल लावणाऱ्याला खोटी श्रद्धा लगेच कळते, कारण खोट्या श्रद्धेचा चौथा चरण नुसता यमकाच्या शेपटीसारखा लोंबतो. तेव्हा कवी घ्यावा आणि धर्म वगळावा, ही वाटणी होत नाही. त्या धर्मामुळेच त्यांना हे वृत्त घ्यावे लागले. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांच्या गीतांचा मोठा भाग आहे. म्हणजे गेली शंभराहून अधिक वर्षे ही गाणी दर रविवारी कोणीतरी म्हणतच आहे. फक्त ती भिंतीच्या पलीकडे म्हटली जातात, आणि आपण अलीकडे बसून फुलांची कविता पाठ करतो.

टिळक पहिले नव्हेत. त्यांच्या आधी तीनशे वर्षे गोव्यात हाच प्रश्न एका इंग्रजापुढे आला होता. थॉमस स्टीफन्स, आपले फादर स्टीफन, इंग्लंडातल्या विल्टशरचा. रोमला जाऊन तो जेझुइट झाला, 1579 च्या एप्रिलात लिस्बनहून गलबतात बसला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला. 1619 साली मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, तो तेथेच राहिला. त्यातली बहुतेक साष्टीत. त्याने ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. ते 1616 साली रायतूरला छापले गेले, पुढे 1649 आणि 1654 सालीही छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. अक्षरे रोमन, भाषा मराठी. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र, मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. मिनिटाला सहा ओव्या धरल्या तरी तीस तासांचे वाचन झाले.

मराठी भाषेची थोरवी गाणारा त्यातला भाग सर्वांना माहीत आहे. भाषणांतून त्याचा इतका वापर झाला आहे की पुढचे-मागचे पुराण कोणी उघडत नाही. मला त्याहून मोलाचा वाटतो तो आरंभाचा प्रसंग. चर्चमध्ये शिकवण संपल्यावर एक बाटलेला ब्राह्मण पाद्र्याला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचावयास दुसरे पुराण का देत नाही? सारा ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्याचे घरातले गाणे गेले त्या माणसाचा हा प्रश्न आहे. साष्टीत देवळे पाडली गेली होती, पोथ्या गेल्या होत्या, आणि ते करणारी सत्ता स्टीफनच्याच धर्माची होती. हे लपवून स्टीफनची स्तुती करणे मला मान्य नाही. पण जो प्रश्न कोणीही दडपून टाकला असता तो त्याने आपल्या ग्रंथाच्या दारातच लिहून ठेवला, हेही तितकेच खरे.

त्याचे उत्तर त्याने ओवीत दिले. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा सैल आणि आखूड; ज्ञानदेव-एकनाथांच्या ग्रंथांची तीच ओवी. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटले. जेथे धर्माचा खास विधी आला तेथे मात्र त्याने पोर्तुगीज शब्द तसाच ठेवला. त्याला ठाऊक होते की काही शब्द भाषांतराने निसटतात. पुढे याच पुराणाची एक देवनागरी हस्तलिखित प्रत लंडनमध्ये मार्सडेनच्या संग्रहात सापडली, तीत असे परके शब्द काढून संस्कृत शब्द घातलेले आहेत. म्हणजे हा वाद तेव्हापासूनचाच आहे: भक्तीच्या गाण्यात कोणता शब्द शोभतो? 1684 साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावयास लागावे असा हुकूम काढला. स्टीफनने चाळीस वर्षे जे शिकून घेतले ते त्याच्याच लोकांनी त्याच्या मागे सत्तर वर्षांच्या आत नको केले. शांताराम बंडेलू यांनी 1956 साली हे पुराण देवनागरीत छापून काढले तेव्हा कोठे ते आपल्या सर्वसाधारण वाचकाच्या हाती आले.

आता याच्या अगदी उलट उदाहरण सांगतो, नाहीतर ख्रिस्ती लेखक म्हणजे सर्व एका साच्याचे असा समज होईल. पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी तीर्थाच्या वाटांवर पुराण सांगून पोट भरणाऱ्या कुटुंबात वाढली. 1870 नंतरच्या दुष्काळात बाप, आई, बहीण एकामागून एक गेली. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटले. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावला त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. 1922 साली त्या वारल्या. ग्रंथ 1924 साली मुक्तिसदनाच्याच छापखान्यात, तेथल्या बायकांच्या हातांनी छापून निघाला. या भाषांतरात त्यांनी काय केले? जुन्या धर्माचा वास येणारे संस्कृत शब्द वेचून बाहेर काढले आणि खेड्यातल्या बाईला कळेल असा साधा शब्द घातला.

म्हणजे टिळकांनी जो पूल बांधला तोच रमाबाईंनी मोडला म्हणावयाचा. दोघेही ब्राह्मण, दोघेही संस्कृतज्ञ, दोघांचा काळ एक, श्रद्धा एक. टिळकांना संतांच्या शब्दांत ख्रिस्त भेटला. रमाबाईंना त्या पुराणी शब्दांत भूक, दक्षिणा आणि वाटेत मेलेली माणसे दिसली असतील तर त्यांना दोष कोणी द्यावा? लहानपणी जे शब्द पोटासाठी विकावे लागले, त्यांतच मोठेपणी प्रार्थना करणे कठीणच. माझा कल उघडच टिळकांकडे आहे, कारण रमाबाईंचे गद्य गाता येत नाही. पण गाता येणे ही काही सत्याची एकमेव कसोटी नव्हे, हे गवयाने मधून मधून स्वतःला बजावलेले बरे.

लक्ष्मीबाईंचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी निघाले. आपण ते विनोदासाठी वाचतो, आणि विनोद त्यात आहेच. पण त्या विनोदाखाली काय आहे? नवरा न सांगता धर्म बदलून मोकळा झाला. बायको पदरात मूल घेऊन नातलगांच्या दारी, लोकांची बोलणी ऐकत, चार-पाच वर्षे. मग ती त्याच्याकडे गेली ती ख्रिस्ती होऊन नव्हे, सोवळे-ओवळे सांभाळीतच. प्रथम तिच्या मनातून जात गेली. माणसे देवाने केली, जाती कोणी केल्या, असा विचार करून तिने एकदा ठरविले आणि ज्याच्या-त्याच्या हातचे पाणी ती प्याली. श्रद्धा त्यानंतर आली आणि 1900 साली बाप्तिस्मा झाला. नवऱ्याच्या मागोमाग गेलेली बायको असे तिच्याबद्दल बोलतात, ते मला पटत नाही. तिने प्रत्येक पायरी स्वतः चढून पाहिली. अशा बाईला नवऱ्याबद्दल कडू लिहिण्याचा पूर्ण हक्क होता. ती कडू लिहीत नाही आणि लपवीतही नाही. हा सूर कोठून आला? मी तरी तो क्षमेच्या त्या शिकवणीशी जोडतो, जी तिने स्वयंपाकघरात आणि मिशनच्या धबडग्यात रोज वापरून झिजवली. टिळकांनी आरंभून दहा-अकरा अध्यायांवर सोडलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्यही पुढे तिनेच नेले. शाळेत धड न गेलेल्या बाईने ओवी कशी साधली, असे आश्चर्य शिकलेल्या माणसांनीच करावे. जात्यावर बसणाऱ्या बाईला ओवी शिकवावी लागत नाही.

आता ओसरीवरच्या गोष्टीकडे येतो. माझे वडील दरबारी गवई. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा, त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, फक्त ऐकला. दरबार गेला तरी त्यांची पगडी खुंटीला राहिली आणि पहाटेचा षड्ज चुकला नाही. नगरकडचे एक ख्रिस्ती मास्तर त्या काळी लष्करात राहत. ते गुरुवारी गाणे ऐकावयास आमच्याकडे येत आणि दारातल्या खुर्चीवर बसत. आत या म्हटले तरी येत नसत. एकदा त्यांनी वहीत उतरून आणलेले चार अभंग वडिलांपुढे ठेवले आणि चाल मागितली. वडिलांनी वाचले, मांडी बदलली, तंबोरा जुळविला आणि त्यांतल्या एकाला तेथल्या तेथे भीमपलासात चाल लावली. आजीने आतून विचारले, "अरे, कोणाचे आहे ते?" वडील म्हणाले, "भक्ताचे आहे." मास्तर त्या दिवशी उंबरठा ओलांडून आत येऊन बसले, असे आई सांगत असे. मुलीने म्हटला तो हाच अभंग. चाल माझ्या वडिलांची, आणि ती एकादशीला नको असे मी कबूल करून आलो.

आम्ही ग्वाल्हेरकर हे करू लागलो तर आम्हाला विशेषच लाज वाटली पाहिजे. आमची गायकी आम्हाला दिली कोणी? हद्दूखाँ, हस्सूखाँ, नत्थूखाँ. हस्सूखाँसाहेबांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. त्यांच्यामुळे ख्याल महाराष्ट्रात पोचला. या मुसलमान उस्तादांनी कृष्णाच्या बंदिशी आयुष्यभर गायिल्या, आणि आमच्या सोवळ्या बुवांनी सदारंगाच्या ख्यालात पीर-औलियांची नावे घेताना कधी घसा खाकरला नाही. तानसेनची समाधी महंमद घौसांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. दर वर्षी तेथला समारोह सुरू होतो तो ढोलीबुवांच्या मठाच्या हरिकथेने आणि मिलादने, एकाच सकाळी, एकाच मांडवात. आपली मंडळी दोन्ही ऐकतात, मान डोलावतात आणि मग घरी जेवावयास जातात. मुसलमान पिराला जागा आहे, मग मराठीत, तुकारामाच्या वृत्तात, तुकारामाचे ऋण मान्य करून गाणाऱ्या टिळकांना का नाही?

यावर गंभीर उत्तर एकच आहे, आणि ते मला एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी दिले. ते म्हणाले, "पीर आपल्या घरातून कोणाला घेऊन गेला नाही, मिशनने नेले." हे दुःख मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या घरातला मुलगा बाटला त्या घरात सुतक पाळले जाई आणि बायकोमुलांची जी परवड होई ती लक्ष्मीबाईंनी लिहूनच ठेवली आहे. पण त्या दुःखाची साक्ष आपण ज्या पुस्तकातून काढतो ते पुस्तकही एका ख्रिस्ती बाईचेच आहे. आणि टिळकांचे पुढे काय झाले पाहा. 'ज्ञानोदय'चे संपादन ते शेवटपर्यंत करीत होते, पण 1917 साली मिशनच्या पगाराला त्यांनी राम राम ठोकला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात एक संघ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सर्व त्यात यावेत अशी योजना होती. म्हणजे दार कोठे असावे आणि उंबरठा किती उंच असावा, याची चिंता त्यांनाही लागली होती. 9 मे 1919 रोजी ते मुंबईत वारले आणि ते काम अपुरे राहिले. त्या संघाला त्यांनी नाव दिले होते 'देवाचा दरबार'.

दरबारी गवयाच्या मुलाला या नावापाशी थोडे थांबावे लागते. दरबारात गाणाऱ्याची जात विचारीत, हे खरे आहे; पंगती वेगळ्या असत, हेही खरे. पण तंबोरे जुळले की मग कोणी विचारीत नसे, आणि विचारले असते तर महाराजांना ते आवडले नसते, असे वडील सांगत.

मुलगी परत आली आहे. मी तिची क्षमा मागितली; ती अवघडून म्हणाली, "गुरुजी, असू द्या हो." मंडळाकडे मी पुन्हा विनंती केलेली नाही. त्यांचा कार्यक्रम त्यांनी त्यांच्या मनाप्रमाणे करावा. यंदाच्या आषाढीला सायंकाळी साडेसहा वाजता आमच्या वर्गातच दोन तास भजन ठेवले आहे. आधी ज्ञानदेव, मग नामदेव, तुकाराम, आणि शेवटी भैरवीच्या आधी भीमपलासातला तो एक. भीमपलास त्या वेळेला उशिराचा होतो हे मला कळते. जाणत्यांनी तेवढे सांभाळून घ्यावे. पखवाजाला माणूस मिळाला आहे, पेटी मीच धरीन. टाळ थोडे कमी आहेत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणावेत.